एका ग्रॅममध्ये तेरा गुंठे : कार्बन नॅनोट्यूब आणि तिच्या भिंतीला चिकटणारे वायू

एक ग्रॅम कार्बन नॅनोट्यूब म्हणजे दिसायला काजळीसारखी काळी पूड. तिच्यातील प्रत्येक नळी उभी चिरून, सपाट करून, एकीला लागून एक अशी जमिनीवर अंथरता आली, तर त्या सगळ्या नळ्या मिळून 1,315 चौरस मीटर जागा व्यापतील. आपल्याकडच्या मापात सांगायचे तर तेरा गुंठे. हा आकडा कोणत्याही उपकरणाने मोजलेला नाही; तो कागद-पेन्सिल घेऊन काढता येतो, आणि तो कसा निघतो हे एकदा पाहून घेतले की पुढचा बराचसा विषय सोपा होतो.

एकपदरी नॅनोट्यूबची भिंत केवळ एका अणूइतकी जाड असते. त्या भिंतीत कार्बनचे अणू षट्कोनांच्या जाळीत बसलेले असतात आणि शेजारच्या दोन अणूंमधील अंतर 0.142 नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एवढ्या माहितीवरून भूमितीने सांगता येते की, प्रत्येक अणूच्या वाट्याला भिंतीचा 0.0262 चौरस नॅनोमीटर इतका तुकडा येतो. बारा ग्रॅम कार्बनमध्ये 6.022 × 10²³ अणू असतात. या दोन संख्यांचा गुणाकार केला तर सुमारे 15,780 चौरस मीटर येतात आणि त्याला बाराने भागले की दर ग्रॅममागचे 1,315 चौरस मीटर मिळतात. या हिशेबात नळीचा व्यास कुठेच आला नाही, ही त्यातली खरी गंमत आहे. नळी बारीक असो वा जाड, भिंत एकपदरी असेल तर दर ग्रॅममागे पृष्ठफळ तेवढेच. हे झाले केवळ बाहेरच्या बाजूचे. नळीची आतली बाजूही वापरता आली तर आकडा दुप्पट, म्हणजे 2,630 चौरस मीटर होतो.

मात्र ज्याने जमिनीचा व्यवहार केला आहे त्याला ठाऊक असते की, सातबाऱ्यावर लिहिलेले सगळे क्षेत्र पेरता येत नाही. त्यातला काही भाग पोटखराबा म्हणून वेगळा दाखवलेला असतो, काही भागापर्यंत पोहोचायला वाटच नसते, आणि जो भाग उरतो त्याचा कस सगळीकडे सारखा नसतो. नॅनोट्यूबवर वायू किती आणि कुठे चिकटतात या प्रश्नाचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास बहुतांशी या पोटखराब्याचा इतिहास आहे. तेरा गुंठ्यांच्या आकड्यावर भुललेल्यांनी मोठमोठे दावे केले. क्षेत्रफळापेक्षा जागा मोजत बसलेल्यांच्या हाती नळ्यांचे खरे गुणधर्म लागले.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. टीपकागद शाई शोषून घेतो तेव्हा शाई कागदाच्या पोटात शिरते. याला शोषण म्हणतात. फ्रीजमध्ये ठेवलेला लोणारी कोळसा वास ओढून घेतो तेव्हा वासाचे रेणू कोळशाच्या पदार्थात विरघळत नाहीत, तर त्याच्या असंख्य सूक्ष्म रंध्रांच्या भिंतींवर चिकटून बसतात. याला अधिशोषण म्हणतात. कोळसा वायू ओढून घेतो हे अठराव्या शतकात, 1770 च्या दशकात, कार्ल विल्हेल्म शीले आणि फेलिचे फोंताना यांनी स्वतंत्रपणे नोंदवले होते, पण या क्रियेला वेगळे नाव मिळायला 1881 साल उजाडावे लागले. ते नाव जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख कायझर यांनी रूढ केले.

वायूचा रेणू भिंतीला चिकटतो तो कशामुळे? येथे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत केली की सगळेच बिनसते. पहिल्या प्रकारात रेणू आणि भिंत यांच्यात रासायनिक बंध तयार होतो. तो मजबूत असतो, रेणूचे रूप पालटू शकतो आणि तोडायला बरीच उष्णता द्यावी लागते. दुसऱ्या प्रकारात बंध असा होतच नाही. रेणूभोवतीचे आणि भिंतीतील इलेक्ट्रॉन सतत हलत असतात, त्या हालचालीमुळे क्षणाक्षणाला दोन्हींकडे विद्युतभाराचा किंचित असमतोल निर्माण होतो आणि हे असमतोल एकमेकांना हलकेच ओढतात. याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. ते दुबळे असते, पण एका रेणूला भिंतीतले डझनावारी अणू एकाच वेळी ओढत असल्यामुळे बेरीज दखल घेण्याजोगी होते. स्वच्छ, निर्दोष नॅनोट्यूबवर बहुतेक वायू चिकटतात ते या दुसऱ्या प्रकाराने, कारण तिच्या भिंतीतला प्रत्येक कार्बन अणू शेजारच्या तिघांशी जोडलेला असतो आणि कोणाचाही हात मोकळा नसतो.

नळ्यांची ओळख इथे थोडक्यात पुरे आहे. 1991 मध्ये जपानमधील एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांनी एकात एक बसवलेल्या अनेकपदरी नळ्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रे प्रसिद्ध केली आणि 1993 मध्ये त्यांनी, तसेच स्वतंत्रपणे आयबीएममधील संशोधकांनी, एकपदरी नळ्यांची. पोकळ कार्बन तंतूंची चित्रे 1952 मध्येच एका सोव्हिएत नियतकालिकात रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी छापली होती; ती रशियन भाषेत असल्यामुळे बाहेर फारशी कुणी पाहिली नाहीत. आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवावी: अनेकपदरी नळीत आतल्या पदरांचे वजन भरते पण त्यांच्यापर्यंत वायू पोहोचत नाही, कारण दोन पदरांमधली फट जेमतेम 0.34 नॅनोमीटरची आणि तीही कार्बनच्या इलेक्ट्रॉनांनीच भरलेली असते. दहा पदरांच्या नळीचे बाहेरचे पृष्ठफळ म्हणूनच तेरा गुंठ्यांच्या एक-दशांशाहून थोडेच अधिक भरते.

एकपदरी नळ्यांना मात्र वेगळीच खोड असते. त्या सुट्या राहत नाहीत. ज्या बलाने वायूचा रेणू भिंतीला चिकटतो त्याच बलाने दोन नळ्याही एकमेकींना लांबच्या लांब चिकटतात आणि त्यांच्या मोळ्या बनतात. उसाच्या मोळीकडे टोकाकडून पाहावे, तसेच हे दृश्य असते: आतल्या प्रत्येक नळीभोवती सहा नळ्या. उदाहरणादाखल 1.36 नॅनोमीटर व्यासाच्या नळ्यांची मोळी घेतली तर दोन शेजारच्या नळ्यांच्या मध्यांतील अंतर सुमारे 1.7 नॅनोमीटर असते. आता वायूच्या रेणूने बसायचे कुठे, असा प्रश्न केला तर चार जागा दिसतात. मोळीच्या बाहेरच्या नळ्यांची मोकळी पाठ ही पहिली. बाहेरच्या दोन नळ्या जिथे एकमेकींना टेकतात तिथली लांबच लांब घळ ही दुसरी. मोळीच्या आत तीन नळ्यांच्या मध्ये उरलेली फट ही तिसरी. आणि नळीच्या पोटातली पोकळी ही चौथी.

या चारही जागा सारख्या कसाच्या नाहीत. पाठीवर बसलेल्या रेणूला एकच भिंत ओढते. घळीत बसलेल्याला दोन्हीकडच्या दोन भिंती ओढतात, त्यामुळे तो अधिक घट्ट बसतो. पोकळीत गेलेल्याला वळलेली भिंत सर्व बाजूंनी कवेत घेते. नळी जितकी बारीक तितकी ही पकड वाढते, मात्र रेणू मावण्याच्या मर्यादेपर्यंतच. आणि तीन नळ्यांमधल्या फटीत रेणू शिरलाच, तर त्याला तीन भिंती ओढतील. कागदावर पाहता सर्वांत कसदार जागा हीच.

पण ती फट किती रुंद आहे, हे कुणी तपासले? वरच्याच मापांनी हिशेब करू. तीन नळ्यांच्या मधल्या बिंदूपासून कोणत्याही नळीच्या मध्यापर्यंतचे अंतर 0.98 नॅनोमीटर येते. त्यातून नळीची त्रिज्या 0.68 वजा केली की 0.30 उरतात आणि कार्बन अणूची स्वतःची त्रिज्या, म्हणजे 0.17, सोडली की उरतात 0.13. म्हणजे फटीचा मोकळा व्यास अवघा 0.26 नॅनोमीटर. हीलियमचा अणू साधारण तेवढाच असतो, हायड्रोजनचा रेणू 0.29 चा आणि नायट्रोजनचा 0.36 चा. हीलियम कसाबसा मावेल, इतरांना दार बंद. अमेरिकेतील सदर्न इलिनॉय विद्यापीठात सैकत तालापात्रा, आल्डो मिगोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये हे प्रयोगाने तपासले. टोके बंद असलेल्या नळ्यांच्या मोळ्यांवर त्यांनी निऑन, मिथेन आणि झेनॉन हे वेगवेगळ्या आकारांचे वायू सोडले. फटी खरोखर वापरात असत्या, तर लहान निऑन आत शिरला असता आणि मोठा झेनॉन बाहेर राहिला असता, आणि दोघांच्या चिकटण्याच्या ऊर्जेत तसा फरक दिसला असता. प्रत्यक्षात तिन्ही वायूंची पकड सपाट ग्रॅफाइटवरील पकडीपेक्षा सुमारे तीन-चतुर्थांशाने अधिक भरली, म्हणजे तिघेही एकाच प्रकारच्या जागी बसत होते: बाहेरच्या घळींत. खऱ्या मोळ्या आदर्श नसतात, वेगवेगळ्या व्यासाच्या नळ्या एकत्र बांधल्या गेल्या की मध्ये काही मोठ्या फटी राहतात आणि तिथे थोडाफार वायू जाऊ शकतो. पण मूळ नियम बदलत नाही. पोटखराब्याची ही पहिली नोंद.

दुसरी नोंद चौथ्या जागेची, म्हणजे नळीच्या पोकळीची. तयार होतानाच नळीची दोन्ही टोके अर्ध्या चेंडूसारख्या टोपणाने बंद झालेली असतात. टोपणाची वक्रता जास्त असल्यामुळे तिथले अणू ताणाखाली असतात आणि लवकर जळतात. म्हणून हवेत तापवून, नायट्रिक आम्लात उकळून किंवा ओझोनचा मारा करून टोपणे उडवता येतात. येथे एक मजेदार अडचण आली. टोपण उडवल्यावर टोकाशी मोकळे झालेले कार्बन अणू ऑक्सिजनशी बंध जोडतात आणि दाराच्या चौकटीवरच आम्लासारखे गट उगवतात. दार उघडले, पण उंबरठ्यावर गर्दी. पिट्सबर्ग विद्यापीठातील जॉन येट्स आणि राइस विद्यापीठातील रिचर्ड स्मॉली यांच्या गटांनी 2000 साली दाखवले की, असा नमुना निर्वात स्थितीत 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की हे गट कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड अशा रूपांत निघून जातात आणि त्यानंतर नळीत मावणाऱ्या झेनॉनचे प्रमाण एकदम वाढते. आत गेलेले झेनॉनचे अणू नळीत जणू रांगेत उभे राहतात.

पोकळीबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तिची भिंत इतकी गुळगुळीत असते की वायूचे रेणू तिच्यावर आपटून वाटेल तसे उधळत नाहीत, घसरत पुढे जातात. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या संशोधकांनी 2006 मध्ये दोन नॅनोमीटरहून बारीक नळ्यांच्या पडद्यातून वायू सोडला, तेव्हा तो इतक्या अरुंद छिद्रांसाठीच्या नेहमीच्या सूत्राने अपेक्षित वेगापेक्षा दहापटीहून अधिक वेगाने वाहिला.

मग एखाद्या नमुन्याचे वापरता येणारे पृष्ठफळ मोजायचे कसे? त्यासाठीची पद्धत जुनी आहे. नमुना द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे 196 अंशांना ठेवायचा, नायट्रोजन वायूचा दाब हळूहळू वाढवायचा आणि प्रत्येक दाबाला किती वायू चिकटला ते नोंदवायचे. या नोंदींच्या आलेखाला समताप वक्र म्हणतात. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी 1918 मध्ये एकाच थराचा साधा सिद्धांत मांडला होता. ब्रूनॉवर, एमेट आणि टेलर या त्रयीने 1938 मध्ये थरावर थर बसतात हे हिशेबात घेऊन सूत्र दिले, आणि त्यांच्या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी बीईटी पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते. पहिला थर पूर्ण व्हायला किती रेणू लागले ते या सूत्राने काढायचे, आणि एक नायट्रोजन रेणू 0.162 चौरस नॅनोमीटर जागा घेतो असे धरून गुणाकार करायचा. आपल्या तेरा गुंठ्यांवर असा एक पूर्ण थर बसला, तर त्यात सुमारे 0.38 ग्रॅम नायट्रोजन सामावेल. तोच वायू शून्य अंश आणि वातावरणाच्या दाबाला मोकळा केला तर जवळजवळ 300 घन सेंटिमीटर भरेल.

प्रत्यक्ष आकडे या हिशेबाच्या खालीही येतात आणि वरही. राइस विद्यापीठात विकसित झालेल्या पद्धतीने बनवलेल्या नळ्यांचा कच्चा नमुना 2002 मध्ये नासाच्या एम्स केंद्रात मोजला तेव्हा 567 चौरस मीटर प्रति ग्रॅम भरला. कारण मोळ्या, नळ्या वाढवताना वापरलेल्या लोहाचे मागे राहिलेले कण आणि षट्कोनांची घडी न बसलेला वेडावाकडा कार्बन. शुद्ध केल्यावर तोच आकडा 1,587 वर गेला. 1,315 च्या पुढे गेल्याचा अर्थ, टोके उघडून आतली बाजूही हाताशी आली होती. जपानमध्ये केंजी हाता यांच्या गटाने 2004 पासून पाण्याच्या वाफेच्या मदतीने वाढवलेल्या, एकमेकींपासून सुट्या आणि जवळपास निर्मळ नळ्या उघडल्यावर त्यांचे पृष्ठफळ 2,200 पर्यंत मोजले गेले. येथे माझे एक मत नोंदवून ठेवतो: बारीक पोकळीत वायू थराथराने बसत नाही, ती पोकळी एकदम भरून जाते, त्यामुळे बीईटीचा आकडा अशा नमुन्यांसाठी क्षेत्रफळ म्हणून शब्दशः घेऊ नये. तो दोन नमुन्यांची तुलना करायला उत्तम आहे, सातबाऱ्यावर चढवायला नाही.

आता ज्या प्रकरणामुळे या विषयाला प्रसिद्धी आणि बदनामी दोन्ही मिळाली, त्याकडे येऊ. हायड्रोजनवर मोटार चालवायची तर तो बरोबर न्यायचा कसा, हा जुना प्रश्न. 1997 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेतील ॲन डिलन आणि सहकाऱ्यांनी एकपदरी नळ्या वजनाच्या 5 ते 10 टक्के हायड्रोजन धरू शकतील असा अंदाज प्रसिद्ध केला. हा अंदाज कसा निघाला ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या काजळीत नळ्या होत्या वजनाच्या केवळ 0.1 ते 0.2 टक्के. संपूर्ण नमुन्याने धरलेला हायड्रोजन होता सुमारे 0.01 टक्का. तो सगळा नळ्यांनीच धरला असे मानून भागाकार केला, तेव्हा 5 ते 10 हा आकडा आला. संशोधकांनी हे लपवले नव्हते, पण बातमी होऊन तो आकडा फिरू लागला तेव्हा त्याच्या मागचा भागाकार मागे राहिला.

पुढच्याच वर्षी बोस्टनमधील एका गटाने नळ्यांचे भावंड म्हणता येतील अशा ग्रॅफाइट तंतूंत 67 टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मावल्याचा दावा केला. या दाव्याची परीक्षा शाळेच्या रसायनशास्त्रानेही करता येते. शंभर ग्रॅममध्ये 67 ग्रॅम हायड्रोजन आणि 33 ग्रॅम कार्बन, म्हणजे दर कार्बन अणूमागे हायड्रोजनचे सुमारे 24 अणू. मिथेनमध्ये, जिथे कार्बनने आपले सर्व हात हायड्रोजनला दिलेले असतात, तिथे हे प्रमाण चारच असते. इतर प्रयोगशाळांना हा निकाल कधीही पुन्हा मिळाला नाही. 1999 मध्ये सिंगापूरहून लिथियम मिसळलेल्या नळ्यांसाठी 20 टक्के आणि पोटॅशियमसाठी 14 टक्के असे आकडे आले; वर्षभरातच मिशिगन विद्यापीठातील राल्फ यांग यांनी दाखवले की वायू काटेकोरपणे कोरडा केला की तेच आकडे 2.5 आणि 1.8 वर उतरतात. वजनकाट्याने नोंदवलेली वाढ हायड्रोजनची नव्हती, वायूतल्या दमटपणाची होती; ते पाणी लिथियम आणि पोटॅशियमच्या संयुगांनी ओढून घेतले होते. आणखी एका प्रकरणात नळ्या उघडण्यासाठी ध्वनिलहरींचा दांडा वापरला होता, त्या दांड्याच्या टायटॅनियम मिश्रधातूचे कण झिजून नमुन्यात मिसळले. टायटॅनियम हायड्रोजन आनंदाने घेते. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेत मिखाएल हिर्शर यांच्या गटाने 2001 मध्ये हे उघड केले. पोलादी दांडा वापरला तेव्हा हायड्रोजनचे शोषण जवळपास नाहीसे झाले.

या चुका हलगर्जीपणाच्या होत्या असे म्हणणे सोपे, पण अन्यायाचे होईल. मोजणीच किती नाजूक आहे पाहा. समजा 100 मिलिग्रॅम नळ्या आहेत आणि त्यांनी एक टक्का, म्हणजे एक मिलिग्रॅम हायड्रोजन घेतला. शंभर वातावरणांच्या दाबाला एवढा हायड्रोजन साधारण 0.12 घन सेंटिमीटर जागा व्यापतो. आता भांडे 50 घन सेंटिमीटरचे आहे आणि प्रयोग चालू असताना त्याचे तापमान नकळत एका अंशाने उतरले. तर त्या एका अंशामुळे दाबात होणारी घट सुमारे 0.17 घन सेंटिमीटर वायू नाहीसा झाल्यासारखी दिसेल. म्हणजे खोलीतला पंखा सुरू झाल्याचा परिणाम प्रयोगाच्या निकालापेक्षा मोठा. झडप किंचित गळत असेल तरीही तेच.

काटेकोर मोजणीचा निष्कर्ष असा की, खोलीच्या तापमानाला आणि शंभर वातावरणांच्या दाबाला स्वच्छ नळ्या एक टक्क्याहूनही कमी हायड्रोजन धरतात. कारण पृष्ठफळात नाही, पकडीत आहे. हायड्रोजनचा रेणू लहान आणि त्यात इलेक्ट्रॉन दोनच, त्यामुळे कार्बनच्या भिंतीशी त्याची ओढ दर मोलला, म्हणजे 6.022 × 10²³ रेणूंमागे, 4 ते 6 किलोजूल इतकीच. खोलीच्या तापमानाला रेणूंची उष्णतेमुळे होणारी धडपड दर मोलला सुमारे 2.5 किलोजूल असते. चिकटून राहण्याचे आमिष पळून जाण्याच्या ओढीच्या जेमतेम दुप्पट असले, तर रेणू बसतो न बसतो तोच उठून जातो. उणे 196 अंशांना हीच धडपड 0.64 किलोजूलवर येते आणि चित्र पालटते. त्या तापमानासाठी शाहीन यांचा म्हणून ओळखला जाणारा ढोबळ नियम आहे: दर 500 चौरस मीटर पृष्ठफळामागे एक टक्का हायड्रोजन. तेरा गुंठ्यांमागे 2.6 टक्के झाले, आणि आत-बाहेर दोन्ही धरले तर पाचाच्या थोडे पुढे. खोलीच्या तापमानाला वायू भरता यावा आणि हवा तेव्हा सोडताही यावा, यासाठी पकड 15 किलोजूलच्या आसपास हवी, असे भाटिया आणि मायर्स यांनी 2006 मध्ये गणिताने दाखवले. त्याच वर्षी अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने वाहनांच्या हायड्रोजन साठवणीसाठी निव्वळ, काहीही न मिसळलेल्या एकपदरी नळ्यांवरचे काम थांबवण्याचा निर्णय घेतला. आज रस्त्यावर धावणाऱ्या हायड्रोजन मोटारींत वायू 700 बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे सातशेपट, दाबाने टाकीत कोंबलेला असतो. त्या टाकीला बळकटी देणारे आवरण कार्बन तंतूंचे असते, म्हणजे कार्बन शेवटी मोटारीत आला तो भलत्याच दाराने.

आतापर्यंत भिंत स्वच्छ आणि निर्दोष धरली होती. प्रत्यक्षात ती तशी क्वचितच असते. नळ्या वाढवायला लोह, कोबाल्ट किंवा निकेलचे कण उत्प्रेरक म्हणून लागतात आणि ते मागे राहतात. शिवाय षट्कोनांची घडी न बसलेला वेडावाकडा कार्बन भिंतीवर पुटासारखा चढतो. हे पुट कमी करण्याच्या प्रयत्नांत आपल्याकडचा एक धागा आहे. आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात कापरापासून नॅनो आकाराचा कार्बन बनवण्याचे काम केले, आणि पुढे जपानच्या मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी 2003 मध्ये कापरापासूनच एकपदरी व अनेकपदरी नळ्या वाढवल्या. कापराच्या रेणूत दहा कार्बन अणूंबरोबर एक ऑक्सिजन असतो. वाढ चालू असतानाच तो ऑक्सिजन वेडावाकडा कार्बन जाळून टाकण्यास मदत करतो, असे त्यांचे म्हणणे आहे. आरतीच्या तबकात मागे काहीही न ठेवता जळणाऱ्या पदार्थाकडून ही अपेक्षा फार नाही. त्याउलट आम्लाने साफ केलेल्या नळीवर जागोजागी ऑक्सिजनयुक्त गट बसतात. मूळची पाण्याला दूर लोटणारी भिंत तिथे पाण्याला जवळ करू लागते, अमोनियासारखे वायू त्या ठिकाणी घट्ट बसतात, आणि एकाच नळीवर दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या जागा नांदू लागतात.

साठवणीला संपूर्ण क्षेत्र लागते. गंध ओळखायला मात्र मोजक्या जागाही पुरतात, आणि नळ्यांचे नशीब उघडले ते तिथे. एकपदरी नळीत प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो, त्यामुळे तिच्यातून वाहणाऱ्या विजेला पृष्ठभाग टाळून जाण्यासाठी दुसरी वाटच नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठात होंगजी दाई यांच्या गटाने 2000 मध्ये एकाच अर्धवाहक नळीला दोन तारा जोडल्या आणि तिच्यावर दशलक्ष भागांत 200 भाग नायट्रोजन डायऑक्साइड असलेला वायू सोडला. दहा सेकंदांच्या आत तिची विद्युतवाहकता सुमारे हजार पटींनी वाढली. हवेतील अमोनियाचे प्रमाण एक टक्का केले, तेव्हा ती सुमारे शंभर पटींनी घटली. नायट्रोजन डायऑक्साइड नळीकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि अमोनिया देतो. हवेतल्या अशा नळीत वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांमुळे, म्हणून इलेक्ट्रॉन गेले की वीज वाढते आणि आले की घटते.

याच काळात ऑक्सिजनवरून मोठा वाद झाला. बर्कलीतील संशोधकांनी त्याच वर्षी दाखवले की नळीचे विद्युतगुण हवेतल्या ऑक्सिजनच्या स्पर्शानेच बदलतात. नंतर आयबीएमच्या प्रयोगशाळेत लक्षात आले की ऑक्सिजनचा बराचसा परिणाम नळीच्या भिंतीवर नसून नळी आणि धातूची तार जिथे भेटतात त्या सांध्यावर होतो. 2003 मध्ये इटलीतील अँड्रिया गोल्डोनी आणि सहकाऱ्यांनी नळ्या अतिशय काळजीपूर्वक स्वच्छ केल्या, शुद्धीकरणाच्या रसायनांतून आलेला सोडियमसुद्धा काढून टाकला, आणि मग त्यांच्यावर एकेक वायू सोडला. ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, पाण्याची वाफ यांपैकी कशालाही नळ्यांनी दाद दिली नाही. नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड आणि अमोनिया यांना मात्र दिली. आधीच्या प्रयोगांत ऑक्सिजन पकडून ठेवणारी भिंत नव्हतीच, तिच्यावरची मळी होती.

संवेदकाच्या, म्हणजे वायू ओळखणाऱ्या अशा उपकरणाच्या, दृष्टीने खरी अडचण वायू पकडण्यात नाही, सोडण्यात आहे. नायट्रोजन डायऑक्साइड इतका घट्ट बसतो की, स्वच्छ हवा सोडल्यावरही खोलीच्या तापमानाला नळी पूर्वस्थितीत यायला तासन्‌तास लागतात. दाई यांच्या गटाने नळी 200 अंशांपर्यंत तापवली तेव्हा हे काम तासाभरात झाले. पुढच्या वर्षी त्यांनी तिच्यावर अतिनील प्रकाश पाडून पाहिला आणि वायू तापवण्याविनाच निघून गेला.